ताम्हिणी की वरंध? डोंगरातला शांत रस्ता निवडताना मी काय बघतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात राहता, रोड बाइक घेऊन वर्ष झालं, सिंहगड आणि बोपदेव घाटाचे चढ आता पाठ झालेत. डिसेंबरात तीन दिवस मोकळे आहेत. डोंगरातल्या डांबरी पण शांत रस्त्यांनी कोकणात उतरायचं आणि वेगळ्या घाटानं वर यायचं. ट्रक नकोत, पर्यटकांच्या गाड्यांची रांग नको. नकाशात ताम्हिणी आणि वरंध हे दोन्ही घाट दिसतात, तर जावं कुठून?

लगेच हवं असेल तर उत्तर असं: पाबे घाटानं भोरला या, वरंधानं उतरा, पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढा, केळघर घाटानं साताऱ्यात उतरा, आणि हे सगळं शक्यतो मंगळवार ते गुरुवार करा. पण नुसतं हे उत्तर घेऊन निघालात तर पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागेल. म्हणून मी या रस्त्यांपर्यंत कसा येतो ते जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही विचारताय ‘घाट कुठला’. खरा प्रश्न असा आहे, की तुम्ही त्या रस्त्यावर असाल त्या वेळी तो रस्ता आणखी कोणाला हवा असेल? एकच घाट बुधवारी सकाळी सात वाजता रिकामा असतो आणि रविवारी दुपारी चार वाजता त्यात पाय ठेवायला जागा नसते. सौंदर्याचा आणि शांततेचा काही संबंध नाही. झालंच तर उलटा आहे, जितका धबधबा देखणा तितकी त्याच्यापुढे गाड्यांची रांग मोठी.

ताम्हिणी घ्या. रस्ता सुंदर, चढ सोसण्यासारखे, मुळशीच्या पाण्याकाठचा भाग तर फारच छान. पण पुण्याहून माणगाव, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जायची सरळ वाट तीच आहे. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासून समुद्रावर निघालेला प्रत्येक जण तुमच्या मागून येणार आणि रविवारी दुपारनंतर समोरून. त्यात मुळशीभोवतीची रिसॉर्टं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचं तर बोलायलाच नको. मधल्या वारी पहाटे निघालात तर ताम्हिणी आजही चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याची शांतता वारावर अवलंबून आहे.

वरंधाचं तसं नाही. भोरहून महाडला जाणारा हा घाट पुण्याच्या माणसाला कोकणात घाईनं पोचवत नाही. वाट अरुंद, वळणं पुष्कळ, मध्ये मोठं गाव नाही. ज्याला घाई आहे तो ताम्हिणीनं जातो. आणि ज्या रस्त्याला घाई असलेल्या माणसाची पसंती नाही, तोच सायकलवाल्याचा रस्ता. माझ्या निवडीतला नव्वद टक्के भाग हाच आहे. दोन मोठ्या गावांना जोडणाऱ्या दोन वाटा असतील, तर मी लांबची आणि अरुंद घेतो. जवळची वाट रुंद झाली किंवा तिथे बोगदा झाला, की लांबची आणखी रिकामी होते. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडी घाट आहे. एके काळी तिथे सायकल घालायची म्हणजे ट्रकच्या धुरात तासभर. आता खालून बोगदा झाला आणि बरीचशी रहदारी त्यात गेली. उलटही होतं. गगनबावड्याचा करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा शेजारच्या भुईबावडा घाटात एकाएकी वर्दळ वाढली. म्हणून मागच्या वर्षी कोणी ‘एकदम शांत’ म्हणून सांगितलेला रस्ता निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासायचा.

तपासायचा कसा? सायकलवाल्यांच्या ॲपमधला हीटमॅप सगळे बघतात. त्यावर लाल रेघ दिसली म्हणजे तिथून सायकली जातात एवढंच कळतं, आणि त्या बहुतेक रविवारी पहाटे गेलेल्या असतात. मी त्यापेक्षा एसटीचं वेळापत्रक जास्त मानतो. ज्या घाटातून लांब पल्ल्याच्या एसटी भरपूर जातात, तिथून बाकीचेही जातात. जिथे दिवसाला दोन-तीनच गाड्या आणि त्यातली एक मुक्कामी, म्हणजे संध्याकाळी गावात येऊन झोपणारी आणि पहाटे परत निघणारी, तो रस्ता डोळे झाकून घ्या. फक्त त्या मुक्कामी गाडीची वेळ विचारून ठेवा. एकपदरी रस्त्यावर, वळणावर, अंधुक उजेडात समोर येणारं एकमेव वाहन तेच असतं, आणि चालकाला त्या वेळी रस्त्यावर कोणी असेल अशी अपेक्षाच नसते.

दुसरी खूण रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाची. डोकं पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. ही योजना २००० साली सुरू झाली आणि सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यांना पहिल्यांदा डांबर मिळालं ते तिच्यातून. हे रस्ते साधारण पावणेचार मीटर रुंद, म्हणजे एक जीप आली की तुम्ही साइडपट्टीवर. पण जीप येते तासाभरातून एखादी. गैरसोय दोन. एक म्हणजे यातले बरेच गावात जाऊन संपतात, पुढे पायवाट. नकाशातलं ॲप त्या पायवाटेलाही बेधडक रस्ता म्हणतं. दुसरी गैरसोय चढाची, आणि ती समजून घ्यायला हवी.

आपले जुने मोठे घाट इंग्रजांच्या काळात आखले गेले ते लादलेली बैलगाडी चढेल या हिशेबानं. साधारण वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, म्हणजे पाच टक्के. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट बघा: बारा किलोमीटरच्या आसपास अंतर, पावणेसहाशे मीटर चढ. भाग दिला की पाच टक्क्यांच्या जरा आतच येतं. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटर चढ आहे, सरासरी सव्वातीन टक्के. आकडा ऐकून छाती दडपते, पण पायाला तो चढ कुठेच झोंबत नाही, नुसता लांब आहे. याउलट गावरस्ते, पवनचक्क्यांसाठी केलेले रस्ते, किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीला जाणारे रस्ते. हे जीप आणि ट्रॅक्टरच्या भरवशावर सरळ वर काढलेत. तिथे दहा-बारा टक्के ही नेहमीची गोष्ट, वळणाच्या आतल्या बाजूला त्याहून जास्त.

म्हणून शांत रस्ता हवा म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न गिअरचा असतो. तुम्ही सायकलचं मॉडेल लिहिलंय, पण मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, लिहिली नाही. समजा पुढे पायडलजवळची छोटी दातेरी चकती (चेनरिंग) ३४ दातांची आहे आणि मागे कॅसेटमधली सर्वांत मोठी चकती २८ दातांची. पायडलचे मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास येतो. तुमचं, सायकलचं आणि सामानाचं मिळून वजन ९० किलो धरलं, तर दहा टक्क्यांच्या चढावर हा वेग ठेवायला सव्वादोनशे वॉटच्या वर ताकद लागते. वर्षभर सायकल चालवणाऱ्या माणसाला ती पाच मिनिटं जमेल, अर्धा तास नाही. मागे ३४ दातांची चकती बसवली तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग साडेसात होतो आणि ताकद दोनशेच्या आसपास लागते. पाच टक्क्यांच्या जुन्या घाटात मात्र २८ वरही सव्वाशे वॉटमध्ये निभतं. तेव्हा कॅसेट २८ ची असेल तर जुने मोठे घाट घ्या, वार आणि वेळ साधून शांतता मिळवा. ३२ किंवा ३४ असेल तर आडवाटा मोकळ्या झाल्या. डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, किती दात पेलतो ते दुकानात विचारून कॅसेट बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. हलक्या चाकांच्या नादी लागू नका.

नकाशातल्या चढाच्या आलेखाबद्दल एक सावधगिरी. घाटात रस्ता कड्याला चिकटून जातो. उंचीची उपग्रही माहिती ठरावीक अंतरावरच्या चौकोनांची असते, त्यामुळे ॲपला कधी रस्त्याऐवजी वरचा कडा दिसतो, कधी खालची दरी. मग सरळ साध्या वरंधात मध्येच पंचवीस टक्क्यांचा सुळका दिसतो आणि दिवसाचा एकूण चढही फुगतो. मी त्या सुळक्यांकडे बघत नाही. पायथ्याच्या गावाची उंची, माथ्याची उंची आणि मधलं अंतर, एवढं घेऊन भागाकार करतो. मध्ये उतार असेल तर तो वेगळा मोजायचा. किल्ल्यांच्या वाटा शोधणारे लोक समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषेनं जोडलेला, नकाशा वापरतात, तो सायकललाही तितकाच उपयोगी.

आता तुमचे तीन दिवस.

पहिल्या दिवशी पुण्यातून सहाच्या आत बाहेर पडा आणि खडकवासल्यावरून खानापूरकडे जा. सिंहगडाचा फाटा मागे पडला की अर्धी गर्दी मागे पडते. खानापूरहून डावीकडे रांजणे आणि पाबे घाट. घाट लहान पण तिखट आहे, दिवसाचा खरा चढ हाच. वर पोचलात की एकीकडे तोरणा, एकीकडे राजगड, आणि खाली वेल्हे. वेल्ह्यात जेवून घ्या. तिथून मार्गासनीवरून नसरापूर, मग महामार्गाच्या सेवारस्त्यानं थोडंसं कापूरहोळ आणि तिथून भोर. महामार्गाचा तो तुकडा टाळता येत नाही, पण तो लहान आहे. एकूण शंभर-एकशेदहा किलोमीटर होतील. मुक्काम भोरला, लॉजही आहेत आणि जेवणही चांगलं मिळतं. पाबे घाट नको वाटला तर बोपदेवनं सासवडला येऊन नारायणपूरमार्गे कापूरहोळला उतरा. दत्त मंदिरामुळे तिकडे गुरुवारी आणि पौर्णिमेला गाड्या असतात, एरवी ठीक.

दुसरा दिवस वरंधाचा आणि माझ्या मते सहलीतला सर्वांत चांगला. भोर सोडलं की थोड्या वेळानं नीरा-देवघर धरणाचं पाणी लागतं आणि मग ते सोबत सोडतच नाही. रस्ता पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत जातो, त्यामुळे समोर दिसणारं हिर्डोशी गाठायला अपेक्षेच्या दुप्पट वेळ लागतो. घाटमाथा फार उंच नाही, पण हे खालीवर होऊन होऊन पाय भरतात. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर शिरगाव मागे पडतं आणि वाघजाईचं देऊळ येतं. तिथे भज्यांच्या आणि चहाच्या टपऱ्या आहेत. माकडंही आहेत, आणि त्यांना हँडलबारवरच्या पिशवीची चेन उघडता येते. समोर कावळ्या किल्ल्याची बाजू आणि खाली थेट कोकण. इथे पंधरा मिनिटं थांबाच, कारण पुढे उतार आहे आणि उताराला ताजे हात लागतात.

उताराबद्दल जरा थांबून लिहितो, कारण चढाची सगळे चौकशी करतात आणि पडतात उतारावर. दिवाळीनंतरचे दोन महिने हा रस्तेदुरुस्तीचा हंगाम. पावसात गेलेले खड्डे बुजवतात, वर बारीक खडी टाकतात, आणि ती खडी गाड्यांच्या चाकांनी वळणाच्या बाहेरच्या कडेला जमा होते. डांबरावर राखाडी पट्टा दिसला तर तो सावलीचा नाही, खडीचा समजा. वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही, आणि नजर खडीवर न ठेवता वळणाच्या पलीकडे. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला तर रिम तापते, डिस्क असेल तर पॅड चकाकतात. त्यापेक्षा दोन-तीन सेकंद नीट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक एकदम, नुसता मागचा नाही. एसटी आणि टेम्पो डोंगरातल्या आंधळ्या वळणावर पूर्ण रस्ता घेऊन वळतात, त्यांना दुसरा इलाजच नसतो. हॉर्न ऐकू आला की आपण आपल्या डाव्या कडेला, वेग मोडून. कानात गाणी लावून घाट उतरणाऱ्याला मी सोबत नेत नाही. आणि डांबराची कड बघत राहा. काही ठिकाणी डांबर आणि साइडपट्टीत चार बोटांची पायरी असते, त्यावरून पुढचं चाक घसरलं की सावरायला जागा नाही. टायर २८ मिलिमीटरचे तरी घाला, फ्रेममध्ये ३२ बसत असतील तर ३२, आणि हवा रोजच्यापेक्षा थोडी कमी.

माझेरी, वरंध, मग बिरवाडी. बिरवाडीजवळ महाडची औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे इथून टँकर सुरू होतात. पुढे पोलादपूरपर्यंतचा महामार्गाचा टप्पा असाच सहन करायचा. चौपदरी आहे, कडेला जागा आहे, डोकं खाली घालून तासाभरात संपवा. रस्ता शंभर टक्के शांत पाहिजे असा हट्ट धरला तर सह्याद्रीत कुठलंही वर्तुळ पूर्ण होत नाही. कोणता वाईट तुकडा किती वेळ सोसायचा एवढंच आपण ठरवू शकतो.

तिसऱ्या दिवशी आंबेनळी, पहाटे उजाडता उजाडता. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि कोकणातलं ऊन डिसेंबरातही दहा वाजता चटका देतं. कापड्यापर्यंत रस्ता सौम्य, मग झाडीत शिरतो. साधारण निम्म्यावर कुंभरोशी, तिथून प्रतापगडचा फाटा. नाश्ता इथे करा. पुढे मेटतळ्यावरून महाबळेश्वर. चढताना हवा बदलते ती अंगाला कळते: खाली घामानं जर्सी चिकटलेली असते आणि वर पोचेपर्यंत विंडचीटर चढवावा लागतो.

वार महत्त्वाचा म्हणालो तो इथे. महाबळेश्वरची गर्दी घड्याळ लावल्यासारखी चालते. शनिवारी सकाळी चढते, रविवारी नाश्ता करून अकरानंतर प्रतापगड बघायला कुंभरोशीकडे उतरते, आणि दुपारी पाचगणी-वाईमार्गे पुण्याला परततं ते सगळं लटांबर. तुम्हाला सुट्टी फक्त शनिवार-रविवार धरूनच मिळत असेल, तर शुक्रवारी निघा, शनिवारी वरंध करा आणि रविवारी पर्यटक हॉटेलात झोपलेले असताना आंबेनळी चढा. नऊ-साडेनऊपर्यंत मेटतळं गाठलंत तर जिंकलात. २० डिसेंबरच्या पुढचा आठवडा मात्र सरळ सोडून द्या, नाताळात तिथे मधला वार वगैरे काही नसतो.

महाबळेश्वरहून सगळे पसरणी घाटानं वाईला उतरतात. तुम्ही उतरू नका. माचुतरच्या बाजूनं केळघर घाट पकडा, खाली केळघर, मग मेढा, आणि वेण्णेच्या खोऱ्यातून कण्हेर धरणाकाठानं सातारा. पंचावन्न-साठ किलोमीटर, बहुतेक उतार किंवा सपाट. भात काढून झालेली खाचरं, मधूनच स्ट्रॉबेरीची शेतं, आणि गाड्या मोजक्या. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे, हे लक्षात ठेवून वेळ काढा. एसटीनं परतायचं तर टपाला कॅरियर असलेली गाडी बघा, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना ते नसतं. चाकं काढून सायकल बॅगेत भरली तर डिकीत टाकायला वाहक सहसा हरकत घेत नाहीत.

चौथा दिवस मिळालाच तर साताऱ्यात थांबा आणि यवतेश्वरवरून कासला जा. फुलांचा हंगाम संपलेला असतो, त्यामुळे पठार तुमचं एकट्याचं. पुढे बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी उतरता येतं आणि तिथून लाँचनं तापोळ्याकडे. सायकल लाँचमध्ये घेतात, भाडं आधी बोलून घ्या. तापोळा ते महाबळेश्वर हा चढ पर्यटक सोडले तर फार कमी लोकांना माहीत आहे.

पावसाळ्यात याच रस्त्यानं जाऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. वरंध घाट पावसात दरडींमुळे बरेचदा वाहतुकीला बंद करतात, आणि २०२१ च्या जुलैत आंबेनळीचा रस्ताच ठिकठिकाणी वाहून गेला होता. बंदीचा फलक ओलांडून सायकल खांद्यावर घेऊन जाणारे मी पाहिलेत. दरड पडल्यावर अडकलेल्या माणसाला काढायला गावातलीच पोरं धावतात, त्यांचा विचार करा. पावसात सायकल चालवायचीच असेल तर घाटमाथ्याच्या पूर्वेला राहा: सासवड, पुरंदरचा परिसर, भोर ते मांढरदेवी आणि वाई. पाऊस कमी, हिरवळ तितकीच. तिथेही सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळ धरतं, त्यावर ब्रेक लावला की संपलं. मांढरदेवीला पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास जाऊ नका, एवढं पथ्य जानेवारीत पाळा.

हंगामाची आणखी एक गोष्ट पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाही ती उसाची. नोव्हेंबर ते मार्च कराड, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर नशीब. आपल्या मार्गावर त्यांचा त्रास कमी आहे. पण पुढे कधी दक्षिणेकडे वळलात तर अंधारात त्या पट्ट्यात सायकल घालू नका.

आणि वळाच. कोल्हापूरहून गगनबावड्याला सकाळी निवांत जाऊन भुईबावडा घाटानं खारेपाटणकडे उतरणं, किंवा अणुस्कुरा घाटानं येरडव, पाचलकडे. हे दोन्ही आंबा घाटापेक्षा कितीतरी सुने आहेत. आंब्यानं कोल्हापूर-रत्नागिरी सगळी अवजड वाहतूक जाते, कुंभार्लीनं कराड-चिपळूणची. त्या दोन्हींना मी सायकलसाठी वर्ज्य मानतो, दृश्य कितीही चांगलं असलं तरी. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गेलात तर उजाडायच्या आधी आणि मावळतीला रस्त्यावर गवे असतात. गवा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, तो त्याच्या वेळेनं जाईल.

अगदीच निर्जन हवं असेल तर खेडजवळचा रघुवीर घाट. खोपीवरून चढतो आणि वर कांदाटीच्या खोऱ्यात शिंदी गावाकडे जातो. ही गावं सातारा जिल्ह्यातली, पण साताऱ्याला जायचं तर मध्ये कोयनेचं पाणी, त्यामुळे बाजारहाट खाली खेडला. पुढे रस्ता संपतो म्हणून आरपार जाणारं कोणी नाही. नेटवर्क नाही, दुकान नाही, पंक्चर झालं तर आपण आणि आपला पंप. पहिल्याच लांबच्या सहलीला तो नको, आणि एकट्यानं तर नकोच.

सामानाचं फार लांबवत नाही. दोन ट्यूब, चेनलिंक, ब्रेकपॅडची एक जोडी, पुढे-मागे दिवा दिवसाही चालू. वरंधात आणि आंबेनळीत मोबाइलला रेंज सलग नसते, म्हणून घरी ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलादपूरच्या लॉजवर विचारा’ असं सांगून निघा. पाणी दोन बाटल्या पुरतं, कारण कुठल्याही वाडीत मागितलं तर हंडा पुढे येतो. जेवणाची मात्र वेळ साधा, आडगावातली खानावळ तीननंतर चूल विझवते.

निघायच्या दोन दिवस आधी भोरच्या आणि पोलादपूरच्या लॉजवर फोन करून घाट चालू आहेत का, कुठे मोरीचं काम निघालंय का, हे विचारा. नेटवरच्या बातमीपेक्षा हे ताजं असतं. आणि कॅसेट किती दातांची आहे ते इथे लिहा. २८ ची निघाली तर पहिल्या दिवशी पाबे घाटाऐवजी सासवड-नारायणपूर घ्या, बाकी सगळं तसंच ठेवा.